पावती बघितल्याशिवाय पैसे भरू नको

बेटा,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी मिलमध्येच होतो, मागं गाडी भरणं चालू होतं, त्यामुळं नीट बोलणं झालं नाही. तू विचारलं, काका एमबीएला मार्केटिंग घेऊ, एचआर घेऊ का ते बिझनेस ॲनालिटिक्स घेऊ. आणि मी काही बोलायच्या आत तूच सांगितलं की पुण्याच्या एजंटनं शुक्रवारपर्यंत 25 हजार भरून सीट ब्लॉक करायला सांगितलंय, दोन वर्षांचे सात लाख, प्लेसमेंट 100 टक्के. मी हो हो केलं आणि फोन ठेवला. घरी येऊन झोप लागेना. म्हणून लिहितोय, लांबेल, पण सगळं वाच.

मार्केटिंग का एचआर हा प्रश्न आत्ता नाहीच आहे. तिथून मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या पोरांच्या हातात महिन्याला किती पडतात हे तू एजंटला विचारलं का? नाही ना. मग आधी ते.

तुझ्या घरी केळी आहे, त्यामुळं तुला भाव समजावत बसायची गरज नाही. रावेरचा केळीचा भाव बाजार समितीच्या बोर्डावर लागतो, नवती इतकी, फरक इतका, वापसी इतकी, पेपरातही येतो. आणि बाग कापायची वेळ आली की व्यापारी शेतात उभा राहून सांगतो, बोर्ड भाव सोडा, मी एवढेच देईन. माल थांबत नाही म्हणून आपण देतो. तुझे बाबा कधी बोर्ड भाव धरून घरचा खर्च ठरवतात का? वजन किती भरलं, पैसे किती आले, पावती हातात आली की मगच ठरवतात. आणि तेच बाबा पोरीच्या शिक्षणाला सात लाख घालताना बोर्ड भावावर विश्वास ठेवतात. माझ्या आप्पांनीही ठेवला होता. खरं सांगायचं तर मीच ठेवायला लावला.

2007 ला मी एमबीएला पुण्याला गेलो. फी तीन लाख, दोन वर्षांच्या केळीचे पैसे आणि वरून सोसायटीचं कर्ज. 2009 ला बाहेर पडलो तेव्हा मंदी होती, इन्शुरन्स विकायची नोकरी मिळाली, पॅकेज साडेतीन लाख. गावात पेढे वाटले. त्या साडेतीन लाखात टार्गेट पूर्ण झालं तर मिळणारे पैसे, पीएफ, पेट्रोल सगळं धरलेलं होतं आणि बँकेत पडायचे बारा हजार. दिवाळीला घरी गेलो तर आप्पांनी पहिलाच प्रश्न केला, "हातमा कितला उना?" म्हणजे हातात किती आले? जन्मभर व्यापाऱ्याला हाच प्रश्न विचारलेला माणूस. मी काय सांगितलं माहितीये? सांगितलं, पॅकेज साडेतीन लाखाचं आहे आप्पा. त्यांनी परत विचारलं नाही. पोरगा सांगतोय म्हटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बोर्ड भाव खरा मानला.

आणि ते तेवढ्यावर थांबलं नाही. माझं ऐकून माझा मावसभाऊ गेला, त्याच्या वडिलांनी शेत गहाण ठेवलं. तो हुशार होता माझ्यापेक्षा. आज सुरतच्या कापड मार्केटमध्ये हिशोब बघतो, बरं चाललंय त्याचं, पण ते काम त्याला बारावीवरही मिळालं असतं हे तो जाणतो आणि मीही जाणतो. शेत सोडवायला आठ वर्षं गेली. श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटाला दरवर्षी भेटतो, सगळं बोलतो, ह्या विषयावर एक शब्द नाही. मी तेव्हा फक्त बारा हजार म्हटलं असतं ना, तर ते शेत गहाण पडलं नसतं.

म्हणून बेटा, पावती. पॅकेज सांगू नको मला, पावती सांग.

आता हे असं का झालं तेही समजून घे, नाहीतर तुला वाटेल काका एकट्याचं रडगाणं गातोय. 1961 ला आयआयएम दोनच होत्या, कलकत्ता आणि अहमदाबाद. आज वीसच्या वर आहेत, पण खरी आवक तिथली नाही. 1991 नंतर कंपन्या वाढल्या, त्यांना मॅनेजर पाहिजे होते, आणि संस्था काढणाऱ्यांच्या लक्षात आलं की इंजिनिअरिंगला वर्कशॉप लागतं, फार्मसीला लॅब लागते, एमबीएचं काम वर्गखोल्या, कॉम्प्युटर आणि एक एसी हॉल एवढ्यावर भागतं. मग निघत गेली कॉलेजं. 2016 ला असोचॅम ह्या उद्योगांच्या संघटनेनं सांगितलं होतं की वरची वीस सोडली तर बाकीच्या बी-स्कूलमधून निघणाऱ्यांपैकी फक्त 7 टक्के नोकरीच्या लायक आहेत. तो आकडा वाचला त्या दिवशी मी जेवलो नव्हतो, कारण मी त्या बाकीच्यांतलाच. पोरं बिनकामाची नसतात गं. शिकवायला उभा राहिलेला सरच दोन वर्षांपूर्वी तिथंच पास झालेला असतो, त्यानं एक बिल फाडलेलं नसतं का एक गिऱ्हाईक सांभाळलेलं नसतं, तो तरी काय देणार.

मायकल स्पेन्स म्हणून अर्थशास्त्रज्ञ आहे, त्यानं 1973 ला मांडलं की डिग्री ही मालकाला दिलेली खूण असते, आणि ती मिळवणं सगळ्यांना सारखं सोपं नसतं म्हणून तिला किंमत असते. 2001 ला त्याला नोबेल मिळालं. आता तूच सांग, फोन करून 25 हजारात ब्लॉक होणारी खूण मालकाला काय सांगणार? अमेरिकेतही गार पडायला लागलंय, हार्वर्डच्या 2024 च्या एमबीएवाल्यांमध्ये नोकरी शोधणाऱ्यांपैकी 23 टक्के पोरं तीन महिन्यांनीही शोधतच होती, 2022 ला ते 10 टक्के होतं. पण त्यांचं बघून धीर धरू नको, ती पोरं सहा महिने घरी बसू शकतात. आपल्या मागं पुढच्या हंगामाचं कर्ज उभं असतं.

तू शेवटी म्हणालीस, काका तुम्ही पण तर केलं, तुमचं चांगलंच चाललंय ना. हे मला लागलं. हो, चाललंय चांगलं. पण ते कशानं ते ऐक. 2011 ला परत आलो, लोक म्हणाले पुण्यात टिकला नाही, म्हणू दे. जळगावला एमआयडीसीत डाळ मिलमध्ये खरेदीला लागलो. तिथं एक म्हातारे मुनीम होते, सातवी शिकलेले. तूर मुठीत घेऊन ओल सांगायचे. 100 किलो तुरीची 70-75 किलो डाळ पडते, बाकी चुनी, कोंडा, तुकडा, आणि मिलचा नफा त्या बाकीच्यात असतो हे मला त्यांनी एका हंगामात दाखवलं. दोन वर्षं कॉस्टिंग शिकलेल्या माणसाला! मी परत आलो त्याचा मला पस्तावा नाही, आजही नाही, कोणी काही म्हणो. पस्तावा त्या तीन लाखांचा आहे, कारण हेच मी 21 व्या वर्षी फुकट शिकू शकलो असतो आणि मग खरंच गरज वाटली असती तर चांगल्या ठिकाणी जाऊन शिकलो असतो, काय विचारायचं ते माहीत असताना.

आता कोणी तुला अझीम प्रेमजींचं उदाहरण देईल, 1966 ला स्टॅनफर्ड सोडून अमळनेरच्या तेलाच्या कंपनीत आले आणि विप्रो उभी केली. ऐकून घे, सोडून दे. वडिलांची कंपनी होती ती. आपल्याला ते लागू नाही. मी तुला शिकू नको म्हणतच नाहीये.

मी म्हणतोय पावती बघ. आणि ती कशी बघायची ते सांगतो. कॉलेज देईल ती नावं घेऊ नको, लिंक्डइनवरून मागच्या बॅचची पाच-सहा पोरं तूच शोध. त्यांना पॅकेज विचारू नको, महिन्याला खात्यात किती येतात ते विचार. मग विचार की बॅचमधल्या 120 पैकी प्लेसमेंटला नाव किती जणांचं घेतलं होतं, कारण 100 टक्के हे नाव घेतलेल्यांचे असतात, बाकीचे "घरचा बिझनेस" म्हणून आधीच वगळलेले असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच कामावर शेजारच्या टेबलला साधा बी.कॉम. बसलाय का, आणि त्याला किती आहे. दोघांमधला फरक, तेवढीच तुझ्या सात लाखांची किंमत. आयआयएम अहमदाबाद आपला प्लेसमेंट रिपोर्ट बाहेरच्या ऑडिटरकडून तपासून घेतं. एवढं मोठं नाव असून त्यांना पावती दाखवायला लाज वाटत नाही, मग ह्या एजंटला का वाटावी? नाही दाखवली तर फोन ठेवून दे त्याचा.

आणि अजून एक, हे बाबांना वाचून दाखव. जुलै 2024 च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसच्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, तुम्ही त्यात बसता. पण ॲडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सीईटीनंतरच्या सरकारी केंद्रीय प्रवेशातून झालं तरच. मॅनेजमेंट कोट्याला नाही, खाजगी विद्यापीठांना आणि खाजगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठांनाही नाही. म्हणजे जे सरकार भरणार होतं ते एजंट तुझ्या बाबांच्या खिशातून काढतोय, आणि ही गोष्ट तुला फोनवर कोणीच सांगितली नाही! राग येतो मला.

चोपड्याला त्या टॅक्सवाल्यांकडं तू जीएसटीची रिटर्न भरतेस, आठ हजार मिळतात म्हणून तुला लाज वाटते. त्या आठ हजारांची पावती आहे बेटा. तीस दुकानांची खरेदी-विक्री तुझ्या डोळ्यासमोरून जाते दर महिन्याला, कोणाचं उधार कुठं अडकतं, कोणता माल पडून राहतो. दोन वर्षं अजून कर. सीईटी परत दे, अभ्यास करून दे ह्यावेळी, यंदा तू केला नाहीस हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. कॅपमधून चांगलं कॉलेज लागलं आणि पावती पटली तर जा, मी स्वतः सोडायला येईन.

शुक्रवारी पैसे भरू नको. रविवारी बाबांना घेऊन जळगावला ये, सकाळच्या एसटीनं, जेवायला भरीत-भाकरी करायला सांगतो. दोन-तीन पोरांचे नंबर काढून आण, माझ्यासमोर फोन लावू. माझी 2009 ची पहिली सॅलरी स्लिप अजून फाईलला आहे, तीही काढून ठेवतो, आप्पांना कधी दाखवली नव्हती. तुझ्या बाबांना दाखवायची आहे.

तुझा,
काका