३० ग्रॅमच्या जागी ३० ग्रॅमच घालू का?

प्रश्न: घरी २० लिटर पेल एल (एक प्रकारची बीअर) करायचीय. रेसिपीत ३ किलो लिक्विड माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या धान्याचा घट्ट पाक), कॅस्केड जातीचे हॉप्स, म्हणजे बीअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, दोनदा (३० ग्रॅम ६० मिनिटं उकळायचे, आणखी ३० ग्रॅम शेवटच्या ५ मिनिटांत), वायईस्ट १०५६ यीस्ट आणि बाटल्या भरताना १२० ग्रॅम डेक्स्ट्रोज (बाटलीत फेस यावा म्हणून घालायची साखर) आहे. माझ्याकडे यातलं एकही नाही. ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट, मॅग्नम आणि सेंटेनियल हॉप्स, यूएस-०५ यीस्ट आणि साधी साखर आहे. तेवढ्याच वजनाने घातलं तर चालेल ना?

उत्तर: सामान चालेल, बीअर मस्त होईल, पण वजन मात्र तेवढंच ठेवू नका. मी एकदा कॅस्केडऐवजी ग्रॅमला ग्रॅम मॅग्नम घातलं आणि ती अख्खी बॅच इतकी कडू झाली की दोन घोटांपुढे कुणाला गेली नाही, म्हणून आधी हॉप्सचंच सांगते.

पाकिटावर अल्फा अ‍ॅसिडचा आकडा असतो तो बघा, तो जितका जास्त तितका कडवटपणा जास्त. समजा कॅस्केड ६ टक्के आहे, तर ३० गुणिले ६ म्हणजे १८०, आणि तुमचं मॅग्नम १२ टक्क्यांचं असेल तर १८० भागिले १२, झाले १५ ग्रॅम, म्हणजे बरोबर निम्मं. पण हा हिशोब फक्त ६० मिनिटांवाल्या हॉप्सचा. शेवटच्या ५ मिनिटांत घालतो ते वासासाठी, तासभर उकळलं की तो वास वाफेबरोबर उडून जातो म्हणूनच ते शेवटी घालायचे. तिथे मॅग्नम नको, त्याला वास फारसा नाही, तिथे सेंटेनियल घाला आणि ३० ग्रॅमच घाला. कडवटपणा किंचित वाढेल, तेवढा पेल एलला शोभतो.

माल्टचं सोपंय. लिक्विडमध्ये पाणी असतं म्हणून पावडर ८० टक्के घ्यायची, ३ किलोला २.४ किलो. कमी पडली तर साखरेने भर घालू नका हं, बीअर पातळ लागते. आणि पावडर उकळत्या पातेल्यावर डायरेक्ट ओतू नका, वाफ लागली की चमच्याला चिकटून चिक्कीसारखी घट्ट बसते आणि गुठळ्या तळाला जाऊन करपतात. गॅस बंद करून थोडी थोडी घालत ढवळा, किंवा आधी गार पाण्यात कालवून घ्या.

यीस्टची काळजीच नको, दोन्हींची चव साधी, स्वच्छ, जवळपास सारखीच. ११.५ ग्रॅमचं एक पाकीट पुरतं, फक्त १८ ते २० अंशांत ठेवा. (गव्हाची बीअर असती तर मी नाही म्हटलं असतं, तिचा केळं-लवंगेचा वास यीस्टमधूनच येतो.)

डेक्स्ट्रोजऐवजी साखर १० टक्के कमी, साधारण १०८ ग्रॅम, कपभर पाण्यात उकळून, गार करून सगळ्या बीअरमध्ये मिसळा. पण बाटल्या भरायच्या आधी हायड्रोमीटरचं (बीअरची घनता मोजायच्या साधनाचं) रीडिंग सलग ३ दिवस तेच येतंय ना ते नक्की बघा, आंबणं संपलं नसेल आणि वर साखर पडली तर बाटल्या फुटतात, काचा लागतात, त्यात घाई अजिबात करू नका.