बेळगावातल्या शहापूरच्या साडी दुकानाच्या जाहिरातीसाठी एआर घ्यावे की व्हीआर?

माझ्या मते एआर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर आभासी वस्तू दाखवणारे तंत्र, घ्यावे. व्हीआरला, म्हणजे पूर्ण आभासी जगात नेणाऱ्या तंत्राला, डोक्यावर चढवायचा हेडसेट लागतो, आणि लग्नाच्या बस्त्यासाठी बेळगाव-खानापूरकडून आलेल्या दहा जणांपैकी एकाच्या डोक्यावर तो असताना बाकीचे नुसते ताटकळत बसतात. एआरला मात्र गिऱ्हाइकाच्या हातातला मोबाइल पुरतो.

आयकिया या फर्निचर कंपनीने २०१७ मध्ये आणलेल्या ‘आयकिया प्लेस’ या एआर अ‍ॅपने सोफा आपल्या खोलीत मावेल का, या खऱ्या अडचणीचे उत्तर दिले होते. साडीची अडचण निराळी आहे. अंगावर पडणाऱ्या निऱ्या हुबेहूब दाखवणे अवघड असते आणि फसलेली नेसण दुकानाचेच हसे करते, म्हणून साडी अंगावर नेसवून दाखवण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी साडीच्या खोक्यावर क्यूआर कोड छापावा; तो स्कॅन करताच, वेगळे अ‍ॅप न घेता, घरातल्या पलंगावर पदर उलगडावा आणि मोबाइल जवळ नेला की काठाची वीण दिसावी. त्यासाठी अँड्रॉइडला जीएलबी आणि आयफोनला यूएसडीझेड अशा साडीच्या त्रिमितीय प्रतिकृतीच्या दोन हलक्या फाइली ठेवाव्यात.

केवळ इन्स्टाग्रामच्या फिल्टरवर विसंबू नये, कारण बाहेरच्या निर्मात्यांचे एआर इफेक्ट इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीने, मेटाने, १४ जानेवारी २०२५ पासून बंद केले. सूचना अर्थातच मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत असाव्यात.