'जिप्सी', 'भटके', 'बंजारा' की 'रोमा'?

चेक प्रजासत्ताकातल्या शाळांवरचा एक लेख मराठीत आणताना 'जिप्सी'साठी कोणता शब्द वापरावा, असा प्रश्न आला आहे. या लोकांनी स्वतःसाठी घेतलेलं नाव 'रोमा', पण तो शब्द मराठी वाचकाला कळणार नाही अशी शंका असल्यामुळे विचारणाऱ्यांनी 'भटके' आणि 'बंजारा' हे पर्याय सुचवले आहेत. नमुन्याचं वाक्यही दिलं आहे: 'भटक्यांच्या मुलांना वेगळ्या शाळेत घातलं जातं.'

माझ्या मते 'रोमा'च लिहावं. शब्द अनोळखी असेल तर पहिल्या उल्लेखापाशी एका ओळीत ओळख करून द्यावी, पण 'भटके' मुळीच नको. या लेखात तर तो शब्द अर्थच फिरवून टाकतो.

युरोपातले बहुसंख्य रोमा भटके नाहीत, पिढ्यान् पिढ्या एका जागी राहणारे आहेत. चेकोस्लोव्हाकियात तर १९५८ साली कायदा करूनच फिरस्ती बंद पाडली गेली. शाळांचं जे प्रकरण गाजलं ते ऑस्त्रावा या कोळसा-पोलादाच्या शहरातलं. तिथली अठरा रोमा मुलं युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेली. शहराच्या प्राथमिक शाळांतल्या एकूण मुलांत रोमा मुलं होती २.२६ टक्के, आणि बौद्धिकदृष्ट्या मागे असलेल्या मुलांसाठी काढलेल्या 'विशेष शाळां'त त्यांचं प्रमाण होतं ५६ टक्के. या शाळांचा अभ्यासक्रम कमी, त्यामुळे पुढची वाटही अरुंद. १३ नोव्हेंबर २००७ रोजी न्यायालयाने हा भेदभाव असल्याचा निकाल दिला. आता याच मुलांना 'भटक्यांची मुलं' म्हटलं की वाचक काय समजेल? आईबाप सारखे गाव बदलत असतील, शाळा बुडत असेल, म्हणून मुलं मागे पडली असतील. एका शब्दाने दोष शाळेवरून उचलून घरच्यांच्या माथी मारला जातो. ती मुलं त्याच शहरात राहत होती, त्यांचे पत्ते शाळेच्या दफ्तरी होते.

'बंजारा' तर सरळ चूक आहे. बंजारा हा आपल्याकडचा स्वतंत्र समाज आहे, त्यांची गोरबोली आहे, तांडे आहेत, वसंतराव नाईकांसारखा मुख्यमंत्री या समाजाने महाराष्ट्राला दिला. दोघांना एकच नाव दिलं तर दोघांवरही अन्याय होतो. रोमांचं भारताशी नातं मात्र खरं आहे. त्यांची रोमानी भाषा भारतीय-आर्य कुळातली आहे. येख, दुय, त्रिन, श्तार, पांज ही त्यातली अंकमोजणी. पाणी म्हणजे पानी, मीठ म्हणजे लोन, द्राक्ष म्हणजे द्राख, आणि नाक-कान तर जसेच्या तसे. 'रोम' हा शब्द 'डोंब' या आपल्याकडच्या जातीच्या नावाशी जोडला जातो. हे वाचून आपल्याला जवळीक वाटते आणि वाटायलाही हवी. पण ती भाषांतरात जपूनच आणावी. हे लोक सहा शतकांहून जास्त काळ युरोपात आहेत, आणि चेक प्रजासत्ताकातल्याच एका अतिउजव्या पक्षाने त्यांना भारतात धाडण्याची भाषा केली होती. आपण कौतुकाने 'आपलेच बंजारे' म्हणायचं आणि तिकडे त्यांना हाकलणाऱ्यांनी तेच म्हणायचं, असं होता कामा नये.

राहिला 'जिप्सी'. मराठीत या शब्दाला कसलाच डंख नाही. ताडोब्याला जाणाऱ्यासाठी जिप्सी म्हणजे सफारीची उघडी गाडी, कविता वाचणाऱ्यासाठी मनातला मुक्त फिरस्ता. युरोपात याच अर्थाचे शब्द चेकमध्ये त्सिकान, रोमानियनमध्ये त्सिगान, जर्मनमध्ये त्सिगॉयनर असे आहेत. ते 'अथिंगानोस' या ग्रीक शब्दावरून आले असं मानतात. तो एका जुन्या पंथाच्या लोकांसाठी होता, अर्थ 'न शिवणारे'. शिवाशिव काय असते हे मराठी वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही. रोमानियाच्या भूमीवर १८५५-५६ पर्यंत रोमा गुलाम होते, विकले जात होते, आणि 'त्सिगान' म्हणजे गुलाम असाच व्यवहार होता. नाझींनी आउश्वित्झच्या मृत्युछावणीत 'त्सिगॉयनर'चं आद्याक्षर त्यांच्या हातांवर गोंदलं. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तिथल्या रोमा आणि सिंती (जर्मनीतला त्यांचाच एक गट) यांच्या छावणीतली चार हजारांहून जास्त माणसं गॅसने मारली. एप्रिल १९७१ मध्ये लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली, तिथे बाहेरच्यांनी दिलेली ही नावं नाकारून 'रोमा' हे नाव घेतलं गेलं.

इथे एक अपवाद. इंग्लंडमधले काही समाज स्वतःला जिप्सी म्हणवतात, स्पेनमधले 'हितानो' म्हणवतात, जर्मनीत 'सिंती' असा वेगळा गट आहे. लेख त्यांच्याबद्दल असेल तर त्यांचं नाव बदलू नका.

लेखात कुणाच्या तोंडी शिवी म्हणून 'त्सिकान' आला असेल तर? तो तसाच ठेवा. तिथे 'रोमा' घातलंत तर बोलणाऱ्याचा तिरस्कार पुसला जाईल, आणि 'जिप्सी' घातलंत तर मराठीत तो उमटणारच नाही. मात्र रोजच्या भेदभावाला शिवी लागतेच असं नाही. चेक वृत्तपत्रांत आणि पुढाऱ्यांच्या बोलण्यात एक शब्द सर्रास येतो, त्याचा शब्दशः अर्थ 'जुळवून न घेणारे'. नाव कुणाचं घेतलेलं नसतं, पण रोख कुणावर आहे ते सगळ्यांना कळतं. मराठीत हे काम 'तसले लोक' चोख करतं: 'तसल्यांना आम्ही जागा देत नाही.' फोनवर रिकामी असलेली खोली माणूस दारात दिसल्यावर 'आत्ताच गेली' म्हणून सांगितली जाते, तेव्हा कुणी शिवी देत नाही.

याचा परिणाम जनगणनेतही दिसतो. २०११ च्या चेक जनगणनेत स्वतःला रोमा म्हणवणारे निघाले सुमारे तेरा हजार. सरकारचाच अंदाज दोन लाखांच्या वर आहे. नाव सांगितलं की दार बंद होतं हे जे लहानपणापासून शिकतात, ते फॉर्मवर दुसरं काहीतरी लिहितात. मग कागदावर माणसंच कमी, तर त्यांच्यासाठी मागायचं कशाच्या आधारावर?

व्याकरणाचं थोडक्यात. मूळ भाषेत 'रोम' एकवचन आणि 'रोमा' अनेकवचन, पण मराठीत 'रोम' म्हटलं की इटलीची राजधानी आठवते. म्हणून सगळीकडे 'रोमा'च ठेवावं: रोमा मुलगा, रोमा बाई, रोमांची वस्ती, रोमांना. भाषा ती 'रोमानी'. रोमानिया या देशाच्या नावाशी तिचा संबंध नाही.

तुमच्या वाक्यात आणखी एक गोष्ट खटकते. 'घातलं जातं' या रचनेत घालणारा दिसतच नाही. प्रत्यक्षात मुलांची मानसशास्त्रीय चाचणी व्हायची, पालकांची सही घेतली जायची आणि निर्णय मुख्याध्यापकाचा असायचा. सही कशावर करतोय हे पालकांना नीट कळत होतं का, अशी शंका न्यायालयानेच घेतली आहे. म्हणून मी ते वाक्य असं करेन: 'ऑस्त्रावातले मुख्याध्यापक रोमा मुलांना विशेष शाळांत पाठवत होते.'