उन्हाळ्याच्या सुट्टीत 'बोर होऊन राहिलं' म्हणणारं मूल

एप्रिल संपत आला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांचं गाऱ्हाणं जवळपास एकच असतं. मुलं घरात आहेत, बाहेर ४४ अंश आहे, दुपारभर दारंखिडक्या लावून बसावं लागतं आणि मूल दर दहा मिनिटांनी येऊन विचारतं, "आता काय करू?" मग मोबाईल हातात दिला जातो. दिल्याचं वाईट वाटतं आणि ते वाईट वाटणं शेवटी मुलावरच ओरडून निघतं. बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात उन्हामुळे महिनाअखेरीस, त्यामुळे नागपूरच्या आईला ही कसरत जास्त दिवस करावी लागते. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाची मुलं मनालीला गेलेली असतात, कोणाची पोहायच्या क्लासला. "आमच्या मुलांची सुट्टी नुसती वाया चालली," हे मी इतक्यांदा ऐकते की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. त्यासाठी एका कुटुंबाची हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नागपुरातल्या मानेवाड्याकडचं घर. दोन खोल्या, वर गच्ची. मुलगा सात वर्षांचा, मुलगी चारची. बाबा दुकानात नोकरीला, घरी यायला रात्रीचे नऊ वाजतात. आई घरीच शिलाईकाम करते. सोबत आजी.

"मॅडम, हा दिवसभर 'बोर होऊन राहिलं' म्हणतो," आई म्हणाली. "दोघांच्या शिबिराची फी आम्हाला झेपत नाही. मी मशीनवर बसली की हा येऊन डोक्यावर बसतो. मग देते मोबाईल."

"आणि रात्री?"

"रात्रीचं तर विचारूच नका. डोळे मिटत असतात, तरी पडत नाही. साडेनऊ-दहा वाजवतो. मोबाईलनंच झालं असेल ना?"

तिला यादी हवी होती, 'मुलांना गुंतवण्याचे पंचवीस उपाय' अशा धर्तीची. मी ती देत नाही. घरात आधीच काय चाललंय हे नीट पाहिल्याशिवाय दिलेला उपाय दोन दिवस टिकतो. मी तिला एवढंच सांगितलं, की शिवणाच्या मापांची वही असते तिच्याच मागच्या पानांवर आठवडाभर दोन गोष्टी लिहा. 'बोर' कधी म्हणाला, आणि अर्धा तास काहीच कुरकुर केली नाही तो कधी. तेव्हा काय करत होता आणि जवळ कोण होतं.

पुढच्या खेपेला बाबाही आले. वहीतलं 'बोर' अपेक्षेप्रमाणे दुपारी बारा ते चारच्या मध्ये दाटलेलं होतं. शांत वेळा सकाळी आजीच्या आसपास आणि दिवेलागणीनंतर गच्चीवर. पण माझी नजर अडली ती एका ओळीवर. 'गुरुवार. रात्री अर्धा तास रडला. कारण काही नाही.'

"गुरुवारी काय झालं होतं?"

बाबांना आठवलं. "त्या दिवशी मी लवकर आलो होतो. आल्या आल्या कूलर भरून टाकला. हा खाली खेळत होता. वर आला, भरलेली टाकी पाहिली आणि बसला भोकाड पसरून. एवढ्याशा गोष्टीसाठी!"

"रोज कोण भरतं?"

"मीच. हा पाइप धरतो. टाकी भरत आली की ओरडतो, 'बाबा, बस!' मग मी नळ बंद करतो."

"किती वाजता?"

"साडेनऊला. जेवण झाल्यावर."

आई नवऱ्याकडे पाहायला लागली. "म्हणून झोपत नाही का हा?"

समुपदेशनात असा क्षण आला की मी बोलत नाही. इतके दिवस जो हट्टीपणा, मोबाईलचा दुष्परिणाम, झोपेची वाईट सवय म्हणून नोंदला जात होता, ते प्रत्यक्षात एका मुलाचं कामावर हजर राहणं होतं. दिवसभरात घरात त्याच्यावाचून अडेल अशी एकच गोष्ट होती: टाकी कुठवर भरली हे बघून 'बस' म्हणणं. त्या शब्दावर बाबा नळ बंद करायचे. दिवसभर सगळे त्याला सांगत, त्या एका क्षणी तो सांगे आणि मोठं माणूस ऐके. गुरुवारी नेमकं तेच त्याच्या हातून गेलं. अर्धा तास रडणं मला कमीच वाटलं.

माझी घडण अ‍ॅडलरच्या विचारातली आहे, हे वाचकांना दिसेलच. आल्फ्रेड अ‍ॅडलर (१८७०–१९३७) या ऑस्ट्रियन मानसोपचारतज्ज्ञांनी १९२० च्या दशकात व्हिएन्नात शाळांच्या जोडीने बालमार्गदर्शन केंद्रं चालवली. त्यांचं म्हणणं साध्या शब्दांत असं, की प्रत्येक मूल आपण या माणसांत मोडतो का आणि आपला इथे काही उपयोग आहे का, हे सतत चाचपत असतं. हे डोक्यात असल्यामुळेच वहीतली ती ओळ मला दिसली. 'आता काय करू?' असं विचारणारं मूल बहुतेक वेळा करमणूक मागत नसतं. घरात सगळ्यांना काम आहे, मला कोणतं आहे, असं ते विचारत असतं. आपण त्यावर खेळणं देतो, शिबिर देतो, मोबाईल देतो आणि प्रश्न अर्ध्या तासाने परत येतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात घराला लहान हातांची खरी गरज पडेल अशी कामं भरपूर असतात. या कुटुंबाशी बोलून आम्ही जी वाटणी केली ती तपशिलाने देते, कारण सगळी गंमत तपशिलात आहे.

कूलरचं काम मुलाकडेच ठेवलं, फक्त वेळ पुढे-मागे केली. सोमवार ते शनिवार संध्याकाळी सात वाजता आजीसोबत, रविवारी बाबांसोबत. त्यात एक पायरी आधी जोडली. पाइप उचलायच्या आधी त्याने मोठ्याने विचारायचं, "प्लग काढला?" आणि काढलेला प्लग डोळ्यांनी पाहायचा. नुसतं बटन बंद करणं पुरत नाही. लोखंडी कूलरला अर्थिंग नसेल आणि आतल्या पंपाची वायर खराब असेल तर ओल्या हातांनी शॉक बसतो, उन्हाळ्यात जीव जातात ते असे. त्यामुळे मुलाने कूलरच्या अंगाला हात लावायचाच नाही, पाइप धरायचा आणि पातळी बघायची. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासायची, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्या दिवशी तीनही ताट्या (कूलरच्या बाजूंच्या वुडवुल भरलेल्या जाळ्या) वरपासून खालपर्यंत भिजतात का हेही त्यालाच तपासू द्या. वुडवुलचा भुसा पंपात अडकला की एक ताटी कोरडी राहते आणि तिथून झळा येतात. समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी, नाहीतर खोलीत दमट होतं आणि कूलर लावूनही घाम सुटतो.

माठ मुलीकडे आला. चार वर्षांच्या मुलीला माठ उचलता येत नाही, पण सकाळी जुनं पाणी तांब्याने झाडांना घालणं आणि माठावरचं फडकं ओलं ठेवणं जमतं. माठ साबणाने घासू नका. त्याची बारीक छिद्रं बुजली की पाणी पाझरत नाही, आणि पाझरून वाफ झाली नाही तर पाणी गारही होत नाही. नवा माठ असेल तर रात्रभर भरून ठेवायचा, ते पाणी टाकून द्यायचं. गच्चीवर सावलीत पक्ष्यांसाठी मातीचं पसरट भांडं ठेवायचं, ते रोज धुऊन भरायचं कामही तिचंच.

पन्ह्याचा दिवस दोघांचा. अर्धा किलो कैऱ्या कुकरला तीन शिट्ट्या देऊन पूर्ण गार होऊ द्यायच्या. मग दोघांना जमिनीवर परात देऊन बसवायचं. सालीतून गर पिळताना कोय बोटांतून सुळकन निसटते, परातीबाहेर जाते, दोघंही तिच्यामागे. हातांना कोपरापर्यंत हिरवट-पिवळा गर. आईने इथे फक्त मोजायचं. जेवढा गर तेवढा किसलेला गूळ, कैरी फार आंबट असेल तर दीडपट. अर्धा चमचा मीठ, वेलदोड्याची आणि भाजल्या जिऱ्याची पूड. गूळ गार गरात विरघळायला वेळ लागतो, म्हणून ढवळण्याचं काम मुलांना पुरून उरतं. मिश्रण काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात ठेवायचं, आंबटामुळे पितळेत नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं. दुपारी दोन वाजता ग्लासाला तीन मोठे चमचे आणि माठाचं पाणी घालून सगळ्यांना नेऊन देणं, हे मुलाचं काम. तहान लागल्याचं मुलं खेळात विसरतात, त्यामुळे ही वेळ ठरलेली असणं शरीरालाही बरं.

आजीला वाळवणात मदत हवीच होती. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजतो, पाणी रोज बदलावं लागतं. विसरलं तर आंबूस वास मारतो आणि कुरडई काळपटते. म्हणजे रोज आठवण करणारं कोणीतरी लागतं. वाटून, गाळून, रात्रभर निवत ठेवून वरची निवळ ओतली की खाली चीक बसतो. चीक तेवढंच पाणी मीठ-हिंग घालून उकळायचं आणि ढवळत ढवळत चीक ओतायचा. हा भाग मुलांनी लांबून पाहायचा, उकळता चीक अंगावर उडाला की चिकटून बसतो. मात्र वाटीभर गरम चीक, त्यावर तेल किंवा दूध-साखर, हा पहिला मान मुलांचा. कुरडया सकाळी आठच्या आत घालून घ्यायच्या. कावळे हाकलायला मुलांना सावलीत बसवायचं, दहानंतर वर कोणीही थांबायचं नाही.

दोन आठवड्यांनी आई आली ती थोडी चिडूनच.

"मॅडम, त्याच्याच्यानं पाणी सांडते. मला दोनदा पुसावं लागते. मीच केलं तर पाच मिनिटाचं काम आहे."

"पुसायला कोण जातं?"

"मीच."

"त्याच्यासमोर?"

ती गप्प झाली. बहुतेक घरांत हा बेत फसतो तो इथेच. मुलाने केलेलं काम त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा करणं म्हणजे तुझं काम मोजण्यात नाही असं सांगणं. फडकं त्याच्याच हाताशी ठेवा. राहिलेला ओलावा तो झोपल्यावर पुसा. दुसरी अडचण शाबासकीची. प्रत्येक तांब्याला "व्वा, गुड बॉय" म्हटलं की मूल कामाऐवजी तुमच्या तोंडाकडे पाहायला लागतं. "आज माठ गार होता," एवढं कोणी जेवताना म्हटलं तरी पुरतं. तिसरी, काम शिक्षा म्हणून देणं. भांडलास म्हणून टाकी घास, असं एकदा झालं की महिनाभराची मेहनत गेली. आणि कामं दोनच द्या, पाच दिली की एकही त्याचं राहत नाही.

तरीही दुपार उरतेच. बारा ते चार मुलं घरातच हवीत. सपाट प्रदेशात ४५ अंश झालं की हवामान खातं उष्णतेची लाट मानतं आणि मे महिन्यात नागपुरात ते नवल नाही. या वेळेसाठी मी एकच नियम दिला. तो 'बोर' म्हणाला की "हो का" म्हणायचं आणि पंधरा मिनिटं काहीच सुचवायचं नाही. ही पंधरा मिनिटं आईला फार जड जातात. तिसऱ्या दिवशी त्याने तिच्या डब्यातली रिकामी रिळं ओळीने लावून गाडी केली, बहिणीला तिकिटं विकली आणि इतवारीला उतरवलं. आई हे सांगताना मशीन थांबवून पाहत होते म्हणाली. तिला आपल्या मुलाला हे येतं हे माहीत नव्हतं.

मोबाईल आम्ही एकदम बंद केला नाही. पन्ह्यानंतर ठरलेला पाऊण तास, मोठ्या माणसाच्या शेजारी बसून. मुलीसाठी त्याहून कमी. पाच वर्षांखालच्या मुलांना दिवसाला तासापेक्षा जास्त पडदा नको, असं जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते आहे.

संध्याकाळच्या गच्चीबद्दल एक सांगायचं राहिलं. सूर्य बुडाल्या बुडाल्या पाणी शिंपडलं की स्लॅबमधून गरम वाफ येते आणि मुलं खाली पळतात. अर्ध्या तासाने दुसऱ्यांदा शिंपडा, सतरंजी त्यानंतर. पाणी कपडे विसळलेलं चालतं. टरबूज तिथेच कापा, बियांसाठी वाटी द्या. लांब कोण उडवतं याच्या शर्यती होणारच.

काही मुलांचं वागणं मात्र 'बोर' म्हणून सोडून देऊ नये. दोन आठवडे झाले तरी कशातच रमत नाही, आवडीचं खाणं टाळतं, झोप पार बिघडली आहे, पूर्वी सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, तर समुपदेशकाला भेटा. आणि अंग तापलेलं, मूल गुंगीत किंवा असंबद्ध बोलतंय, तर ती उष्माघाताची शक्यता आहे. अंग ओल्या फडक्याने पुसत थेट दवाखाना गाठा.

या घरातला मुलगा आता साडेआठला झोपतो. काम सातला होऊन गेलेलं असतं, जागायचं कारण उरलं नाही. रविवारची बाबांची पाळी तो शनिवारपासून आठवण करून देतो. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो. टाकी सुकवणं, ताट्या काढणं, वर कापड बांधणं यातही त्याला घ्या, आणि शाळेच्या दिवसांत त्याच्याकडे कोणतं काम राहणार ते कूलर झाकायच्या आधी त्याच्याशी बोलून ठरवा. या मुलाने स्वतःच रोज रात्री सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायचं काम मागून घेतलं आहे.