'पडसाद' असताना 'संरचित प्रतिसाद' कशाला?

परळच्या एका रुग्णालयात भूलशास्त्र शिकणाऱ्या निवासी डॉक्टर विचारतात: सोनोग्राफीत बघत मज्जातंतूजवळ भुलीची सुई कशी न्यायची हे शिकवताना वरिष्ठ दर वेळी ठरलेल्या मुद्द्यांवर फीडबॅक देतात. विभागाच्या मराठी टिपणात त्याला 'संरचित प्रतिसाद' म्हटलंय, ते बरोबर का?

नाही. प्रतिसाद देतो तो पेशंट. 'उपचारांना प्रतिसाद देत आहेत' हे पेपरात रोज येतं. भूल उतरताना हाक मारल्यावर पेशंट डोळे उघडतो, तो प्रतिसाद. त्याच खोलीत वरिष्ठही 'प्रतिसाद' देऊ लागले तर नेमकं कोण शुद्धीवर आलं ते कळायचं नाही! 'अभिप्राय'ही नको, मंत्रालयात फाईल 'अभिप्रायार्थ सादर' होते आणि तिथेच राहते. बी.एड.वाले 'प्रत्याभरण' पुढे करतील. पण आभरण म्हणजे दागिना. 'फीड'मधलं भरवणं पकडायला गेलेल्या परिभाषाकारांनी सोनाराची पावती लिहून ठेवलीय.

मला हवाय तो 'पडसाद'. त्याची फोड 'पडणारा साद' अशी सांगणारे मास्तर अजून आहेत. त्यांनी पाडव्याला गुढी उभारताना जरा विचार करावा, कारण पाडवा म्हणजे प्रतिपदा. संस्कृत 'प्रति'चं प्राकृतात 'पडि' झालं आणि मराठीत ते 'पड' होऊन राहिलं. पडछाया ही प्रतिच्छाया. भूलवाल्यांसाठी खास सांगतो: पडजीभ ही प्रतिजिह्वा. ऑपरेशनआधी 'आ करा, जीभ बाहेर काढा' म्हणून तुम्ही दिसते का बघता, तीच. आणि 'साद' म्हणजे 'शब्द'च: शब्द, सद्द, साद, जसं हस्त, हत्थ, हात. तेव्हा पडसाद हा नखशिखांत 'प्रतिशब्द', आणि संस्कृतात प्रतिशब्द म्हणजे प्रतिध्वनी. 'प्रतिसाद'चा मात्र पहिला भाग संस्कृत, दुसरा मराठी.

आता तुमचं मशीनच बघा. माणसाचा कान २० हजार हर्ट्झला थांबतो; वरवरच्या मज्जातंतूंसाठी प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा तो भाग, कोटीभर हर्ट्झचा ध्वनी सोडतो. तो शरीरात सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो आणि परततो. पडद्यावर दिसतात ते त्याचे पडसाद. सुईखाली ज्या समांतर खोट्या रेघा उमटतात, तेही सुईच्या आत घुटमळलेले पडसादच. शिकाऊ हाताच्या नेहमीच्या दोन चुका म्हणजे टोक दिसत नसताना सुई पुढे सारणं आणि सुईच्या नादात प्रोब नकळत सरकवणं. करणाऱ्याला दोन्ही कळत नाहीत. शेजारी उभ्या वरिष्ठांना लगेच दिसतात. तंतू कुठे आहे ते मशीन परत सांगतं, हात कुठे गेला ते वरिष्ठ. याला पडसाद नाही म्हणायचं तर कशाला?

'विधानसभेत तीव्र पडसाद' लिहून पेपरवाल्यांनी हा शब्द गदारोळाला जुंपलाय, हा आक्षेप येईलच. मला तो मान्य नाही. गदारोळाला 'गदारोळ' आहेच की.

हां, 'संरचित'. 'मुद्देसूद' म्हणा; सहामाहीच्या निबंधापासून तो आपल्या ओळखीचा आहे. 'मुद्देसूद पडसाद' छापायला विभागप्रमुख तयार नसतील तर सरळ 'फीडबॅक' लिहा. वॉर्डात सगळे तेच म्हणतात, आणि त्याने पेशंटचा घोटाळा तरी होत नाही.