लॉकडाऊनमध्ये नेहमीचं आयुष्य फार आठवतं. तुम्हाला घरात कशाने बरं वाटतं?

खरं सांगू का, पहिला महिना कशानेच बरं वाटलं नाही. राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला आमच्या पुण्यातच सापडले, त्यामुळे इथे धास्ती जरा आधीपासूनच होती. मग २५ मार्चला गुढीपाडवा आणि टाळेबंदी एकाच दिवशी दारात. साखरेची गाठी मिळाली नाही, तर आईने गुढीला खडीसाखरेची पुरचुंडी बांधली. तेव्हा वाटलं होतं, एकवीस दिवसांचा तर प्रश्न आहे. आता मे अर्धा सरत आला.

आठवतं म्हणाल तर फार मोठं काही नाही. रविवारी पहाटे वेताळ टेकडी, उतरल्यावर अमृततुल्यच्या दारात उभ्याउभ्या चहा, आणि ज्यांची आडनावंही मला ठाऊक नाहीत अशा चार-पाच जणांशी पाणीकपातीपासून विराट कोहलीपर्यंत कशावरूनही वाद. बास, एवढंच.

तेच घरात आणायचा प्रयत्न केला आणि फसलो. आलं-वेलदोडे खलबत्त्यात कुटले, चहा उकळून उकळून फडक्यातून गाळला. चहा फक्कड झाला. पण ओट्याला टेकून उभ्याने पिताना बघून बायको म्हणाली, "अहो, बसून प्या की, खुर्च्या आहेत घरात." मजा तिथेच गेली. मित्रांचा कट्टा झूमवर भरवला. तो चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडतो, पण आमचे विषय त्याआधीच संपायचे. मुलीने कॉफी फेटून फेटून ती फेसाची डालगोना केली. त्याबद्दल न बोललेलं बरं.

मग एप्रिलच्या शेवटी आईने जाहीर केलं, "यंदा कुरडया घरी करायच्या." दरवर्षी आम्ही कुरडया तयार विकत आणतो. यंदा आणणार कुठून? गहू मात्र घरात होता. माळ्यावरून पितळी सोऱ्या निघाला. आईने लग्नानंतर तुळशीबागेतून घेतलेला, वजनाला असा की डोक्यात पडला तर लॉकडाऊनची काळजीच मिटावी. चिंच लावून तो घासायचं काम माझ्याकडे आलं.

कुरडया खाणाऱ्यांना त्यामागचा खटाटोप माहीत नसतो. मलाही नव्हता. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. तिसऱ्या दिवशी घरभर असा आंबूस वास सुटतो की मुलगी तोंडाला मास्क लावून फिरत होती. मग ते वाटायचे, पिळून चीक काढायचा, चोथा बाजूला. चीक गाळून रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी वर निवळी येते, ती हलक्या हाताने ओतून द्यायची, खाली घट्ट पांढरा चीक. जितका चीक तितकंच पाणी आधणाला, त्यात मीठ आणि हिंग. आणि मग एकाने धार धरायची, दुसऱ्याने घाटायचं. हात थांबला की गुठळी झालीच.

आईला प्रमाण आठवेना. ते पाठ आहे मावशीला, आणि मावशी साताऱ्यात. जिल्ह्याची हद्द बंद. म्हणून फोन कुकरला टेकवून व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर मावशीचं निम्मं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसत होतं, पण हुकूम खणखणीत. "अरे, तळापासून घाट! पातेलं सोडायला लागलं का? रंग काचेसारखा झाला की झाकण ठेव." मी घामाघूम. दोघी बहिणी मात्र तासभर हसत होत्या. मार्चपासून आईला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

पहिला वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून खाल्ला. लहानपणी वाड्यात याच्यासाठी आम्ही रांग लावायचो. चव जिभेला बरोब्बर ओळखू आली, आणि थोडा वेळ मी कुणाशी बोललो नाही.

आता गच्ची. आमच्या सोसायटीत गच्चीची किल्ली चिटणीस काकांकडे असते आणि ते ती सहजासहजी देत नाहीत. आधी "नियमात बसत नाही" झालं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना सांडगे घालायचे होते, पहिल्यावरच्यांना साबुदाण्याच्या पापड्या. शेवटी मजल्यांच्या पाळ्या लागल्या आणि जिन्यात पाटी आली: "गच्चीवर वाळवण घातले आहे. कावळ्यांनी व लहान मुलांनी सुरक्षित अंतर राखावे." यावरून काकांबद्दलचं माझं मत बदललं.

ऊन चढायच्या आत प्लास्टिकवर कुरडया पाडायच्या आणि मग राखण. ती माझ्याकडे. छत्री, पाण्याची बाटली आणि हातात काठी घेऊन मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसतो. मीटिंग असली तर कानात इअरफोन, कॅमेरा बंद. कर्वे रस्त्यावरचं मेट्रोचं काम थंडावलेलं, विमानं नाहीत. कोथरूडमध्ये इतकी वर्षं राहून मला तांबट पक्ष्याची टुक-टुक पहिल्यांदा ऐकू आली. हवा इतकी स्वच्छ की सिंहगडावरचा टॉवर रेखल्यासारखा दिसतो. दुसऱ्या टोकाला वेताळ टेकडी. ती बघितली की पोटात कालवतं, ते कुरडयांनी काही कमी झालेलं नाही. पण दर अर्ध्या तासाने उठून एखादी कुरडई बोटाने उचलून बघायची, कडा सुटली का, खाली अजून ओली आहे का, यात दुपार जाते. त्या दुपारी मी रुग्णांचे आकडे बघत नाही. एकदा तर मीटिंगमध्ये माझं नाव पुकारलं तेव्हा मी माइक चालू ठेवून "हाड्!" म्हणालो होतो. कावळ्याला. साहेबांना ते अजून पटलेलं नाही.

तुम्ही एकटे राहत असाल तर कुरडयांच्या फंदात पडू नका, त्याला दोन माणसं लागतात. साबुदाणा रात्री भिजवा, सकाळी जिरं-मीठ घालून पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गॅलरीत ऊन येतं तिथे प्लास्टिकवर चमच्याने पापड्या घाला. अर्ध्या ओल्या असताना दोन-चार खायच्याच, त्या हिशेबात धरत नाहीत.

आमचे दोन डबे भरले. एकावर आईने मावशीच्या नावाची चिठ्ठी चिकटवून तो वेगळा ठेवलाय. साताऱ्याची एसटी कधी सुटेल कोण जाणे. आई म्हणते, घाई नाही, कुरडया वर्षभर टिकतात.