पांढरकवड्याहून नागपूर विमानतळ: एसटी, भाड्याची गाडी की स्वतःचीच घेऊन टाकू?

भाऊ, तुमचा मेसेज वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. गाव पांढरकवड्यापासून १८ किलोमीटर आत. मुलगा, सून आणि दीड वर्षाचं लेकरू बंगलोरला. ते वर्षातून दोनदा येतात, तुम्ही, वहिनी आणि ७६ वर्षांच्या आई दोनदा तिकडे जाता, म्हणजे सोडणं-आणणं धरून विमानतळाच्या आठ खेपा. गावातला गाडीवाला एका खेपेचे ४५०० घेतो. तुमचं म्हणणं असं की इतके पैसे दरवेळी देण्यापेक्षा साडेचार लाखाची जुनी गाडीच घ्यावी, एक लाख पीककर्जातले भरावे आणि साडेतीन लाखाचं लोन १३ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी करावं. आणि वहिनी म्हणून राहिल्या की एसटी काय वाईट आहे.

वहिनी बऱ्याच बरोबर आहेत, पूर्ण नाही.

आधी गाडी घेण्याचं बघू कारण सगळ्यात मोठा पैसा तिथे अडकतो. साडेतीन लाखाला १३ टक्क्यांनी हप्ता येतो ७९६० च्या आसपास, वर्षाचे झाले साडेपंच्याण्णव हजार. इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, टायर असे मिळून वीस-पंचवीस हजार धरा, जुन्या गाडीला कमी नाहीच लागत. जाऊन-येऊन ३३६ किलोमीटर, लिटरला १६ चं अॅव्हरेज, पेट्रोल शंभराच्या वर, म्हणजे एका खेपेला बावीसशेचं पेट्रोल, आठ खेपांचे साडेसतरा हजार. सगळं मिळून वर्षाला १ लाख ३५ हजाराच्या पुढे. आठने भागा, एक खेप सतरा हजाराला पडली! गाडीवाल्याला आठही वेळा ४५०० दिले तरी वर्षाचे ३६ हजारच होतात. पाच वर्षांनी गाडी विकून दीड लाख येतील म्हणाल, तर सुरुवातीचे एक लाख मी वरच्या हिशोबात धरलेच नाहीत, ते त्यात गेले समजा.

फास्टॅगच्या वार्षिक पासचं तुम्ही लिहिलं. १५ ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांत २०० टोल असा होता, खासगी गाडीला, राष्ट्रीय महामार्गावर. चांगलीच स्कीम आहे, पण तुमच्या वाटेवर दारोडा आणि बोरखेडी असे दोन नाके, आठ खेपांचे ३२ टोल झाले. बाकीचे १६८ कुठे वापरणार? आणि एक गोष्ट सगळेच विसरतात, तुम्ही तिघं विमानात बसले की गाडी परत कोण आणणार? एक तर पार्किंगला पैसे भरा नाहीतर पुतण्याचा दिवस मोडा.

पीककर्जातले एक लाख गाडीत टाकायचं मात्र डोक्यातून काढाच. तीन लाखापर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून आपल्याकडे व्याज शून्य पडतं. इतका स्वस्त पैसा तुम्हाला दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. तो गाडीत अडकला, कापसाला भाव नाही मिळाला आणि मुदत हुकली की सवलत गेली, पुढच्या हंगामात बियाण्याला पुन्हा कृषी केंद्रवाल्याची उधारी. दवाखाना, लग्नकार्य यासाठी गाडी पाहिजे असेल तर ते वेगळं, त्याचा हिशोब वेगळा मांडू, विमानतळाच्या नावावर नको.

आता एसटी. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा सहा किलोमीटरचा टप्पा दहा रुपयांच्या जवळ आहे. गावाहून पांढरकवडा आणि पुढे नागपूर धरलं तर पूर्ण तिकीट २८० च्या आसपास. वहिनींना महिला सन्मान योजनेत अर्धं तिकीट, म्हणजे १४०. आईंचं वय ७५ च्या वर, त्यांना फुकट, फक्त वयाचा पुरावा सोबत ठेवा. तिघांचे मिळून ४२०, ऑटोचे दीड-दोनशे, सहाशेत विमानतळ. मुलगा-सून आले तरी आकडा तोच, पाच वर्षांच्या आतल्या लेकराला तिकीट नाही. म्हणजे एका खेपेत ३९०० चा फरक आहे, हा फरक लहान नाही.

जाताना आणखी एक फायदा आहे. हिंगणघाट, जाम, बुटीबोरी करत येणारी गाडी वर्धा रोडनेच नागपुरात शिरते आणि विमानतळाचा फाटा त्याच रोडवर आहे, त्यामुळे गणेशपेठ स्टँडपर्यंत जाऊन उलटं यायची गरज नाही, कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, उतरा आणि ऑटो करा. येताना मात्र उलटं करा. रस्त्यावर बॅगा घेऊन हात दाखवत उभे राहू नका, भरलेली गाडी थांबत नाही. सरळ गणेशपेठला जा आणि सीट पकडा, ऑटोचे दोन-अडीचशे गेले तरी चालतील. आणि पांढरकवड्याहून तुमच्या गावाची शेवटची गाडी किती वाजता सुटते ते बघा, येतानाचं सगळं गणित त्या एका गाडीवर आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. तुम्ही लिहिलं की मागच्या वेळी पोरानं सकाळी साडेसहाचं विमान काढलं कारण ते माणशी ७०० रुपयांनी स्वस्त होतं. तिघांचे २१०० वाचले. पण साडेसहाच्या विमानाला बॅगचं काउंटर तासभर आधी बंद होतं, म्हणजे पाचच्या आत तिथे पाहिजे, म्हणजे रात्री एकला घर सोडा, त्या वेळी कोणती एसटी आणि कोणतं काय, गाडीच करावी लागली, ३९०० जास्तीचे गेले. वर रात्रभर झोप नाही आणि ड्रायव्हर डुलक्या घेतो तो वेगळाच घोर. तिकीट बघताना विमानाचं आणि विमानतळापर्यंतचं भाडं एकत्र करूनच स्वस्त-महाग ठरवा. दुपारी दोन-अडीचचं विमान ७०० नी महाग असलं तरी सकाळची पहिली गाडी धरून तुम्ही आरामात पोचता आणि तरी अठराशे वाचतात. मधे दोन तास मोकळे ठेवा, टायर पंक्चर, जामला ट्रॅफिक, काहीही होतं. विमान सुटलं तर तिघांची ऐनवेळची तिकिटं काढायला जे लागतात त्यात गाडीवाल्याच्या तीन-चार खेपा निघतील.

गाडी कधी करायची? रात्रीचं किंवा पहाटेचं विमान असेल तर. मे महिन्यात दुपारी लेकरू उतरणार असेल तर नक्की करा, ४५ डिग्रीत दीड वर्षाच्या पोराला साध्या लाल गाडीत चार तास बसवून वाचवलेले पैसे डॉक्टरकडे जातात. ऑगस्टमध्ये तुमच्या रस्त्यावरचा नाला भरतो म्हणता, तेव्हा एसटीही बंद आणि गाडीही, म्हणून आदल्या दिवशीच पांढरकवड्याला नातेवाइकाकडे मुक्काम करा. आईंच्या गुडघ्यांचंही बघा, एसटीची पायरी उंच असते, त्यांनाच विचारा, तुम्ही ठरवू नका.

गाडी केली तर पिवळ्या नंबर प्लेटचीच करा. गावात पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने देणारे खूप आहेत, शे-दोनशे कमी घेतात, पण खासगी गाडीत भाडं घेऊन माणसं बसवली आणि काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. रेट व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, टोल, पार्किंग, वेटिंग, ड्रायव्हरचा भत्ता, रात्रीचा चार्ज आत की बाहेर. येताना नागपुरातून रिटर्न भाडं विचारा, आदिलाबाद साईडची गाडी रिकामी परत जात असेल तर बराच कमी घेते.

माझ्या अंदाजाने आठपैकी पाच खेपा एसटीने जमतील, तीनला गाडी. पाचाचे तीन हजार, तिनाचे साडेतेरा, वर-खाली धरून १८ हजार. कापूस विकला की हे वेगळे काढून खात्यात टाकून द्या. खरं तर मुलाकडूनच घ्या, तो कमावतो, त्याच्या येण्या-जाण्याची गाडी त्यानं भरावी यात कमीपणा काय? "इंजिनियरचा बाप एसटीनं फिरतो" हे गाव बोलणारच, तुम्ही गाडी घेतली तर कर्जावर बोलेल.

दिवाळीची तिकिटं अजून काढली नाहीत ना? मग पोराला आजच फोन करा, सकाळी दहा-अकराच्या आत नागपूरला उतरणारं विमान बघायला सांगा आणि तिकिटाचे भाव मला पाठवा, एसटीचं भाडं जोडून कोणतं स्वस्त पडतं ते काढून देतो.